अठरा मुलखांचा करार

१

पत्र चार ओळींचं होतं. राजेशने ते इतक्या वेळा उघडून मिटलं होतं की घडीवर कागद फाटायला आला होता.

"वाचा काका," तो म्हणाला. "आणि मला सांगा, माझं काय चुकलं."

शामरावांनी चष्मा लावला. पत्र दादरच्या 'कवडी गेम्स'चं होतं. 'अठरा मुलुख' या आपल्या कल्पित जगावर खेळ छापण्याचा करार आम्ही आजपासून संपवत आहोत. सर्व हक्क आपल्याकडे परत येत आहेत. दुसऱ्या भागाचं काम थांबवलं आहे. शिल्लक प्रती विकायला करारात सहा महिन्यांची मुदत आहे, ती आम्ही घेत नाही. त्या प्रती महिनाअखेर लगद्याला जातील. खाली सही, प्रफुल्ल.

महिनाअखेरीला नऊ दिवस होते.

"कारण लिहिलेलं नाही," शामराव म्हणाले.

"तेच तर! फोन केला तर म्हणतो, पत्रात आहे तेवढंच. अरे, पण पत्रात काहीच नाही ना! चार वर्षं काका. नोकरी सांभाळून, रविवार मारून लिहिलंय. दुसरा भाग पूर्ण झालाय. आणि हे सगळं लगद्याला?"

राजेश चाळीस वर्षांचा. बँकेच्या कॉम्प्युटर विभागात कामाला, परळच्या टॉवरमध्ये राहायला. पण जन्म काळाचौकीच्या याच चाळीतला, खालच्या मजल्यावरचा. चाळीत काही हरवलं, कुणी काही लपवलं, की लोक अजून दुसऱ्या माळ्यावर शामरावांकडे येत. शामराव गिरणीच्या फोल्डिंग खात्यात कापड तपासायला होते. सत्तावीस वर्षं कापड डोळ्यांखालून सरकत गेलं, आणि त्यात तुटलेला धागा कुठे आहे ते ओळखायचं, एवढंच काम. गिरणी गेली, डोळा राहिला. मंडळाची हरवलेली झांज त्यांनी शोधून दिली होती, आणि कुणाच्या तरी जावयाची खोटी पदवीसुद्धा.

आयुष्यात एकच वस्तू त्यांना सापडली नव्हती, आणि ती त्यांची स्वतःची होती. गिरणीचा पितळी बिल्ला, नंबर चारशे बारा. एकोणनव्वद साली घरातून गायब झाला. सगळं घर उलटंपालटं केलं तरी मिळाला नाही. नवा मिळेपर्यंत रोज गेटवर बोलणी खाल्ली. त्यावर त्यांची बायको कमलाबाई नुसती हसायची. "राणीन नेल्यान असात," म्हणायची. कसली राणी, ते त्यांनी कधी विचारलं नाही. आता विचारायला कमलाबाई नव्हती. तिला जाऊन चौदा महिने झाले होते.

"हा खेळ असतो कसा?" शामराव म्हणाले. "सोंगट्या?"

"सोंगट्या नाहीत हो. पाच-सहा जण टेबलाभोवती बसतात. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. कुठे जायचं, काय करायचं, ते आपण ठरवायचं. जमलं की फसलं, ते फासे ठरवतात. पण गोष्ट घडायला एक जग लागतं. ते जग माझं. प्रफुल्लने ते खेळासाठी वापरायला घेतलं होतं, करार करून."

त्याने खोका उघडून नकाशा पसरला. जाड कागद, मोठा, रंगीत. अठरा देश एकमेकांना चिकटून बसलेले आणि भोवती हिरवा समुद्र, चारी बाजूंनी सारख्याच रुंदीचा.

"ही नदी अशी तुटक का?"

"ती सुईनदी," राजेशचा चेहरा खुलला. "थोडी जमिनीवरून वाहते, थोडी जमिनीखालून. परत वर, परत खाली. पहिल्या मुलखापासून शेवटच्यापर्यंत."

"आणि हे खाकी रंगाचं?"

"पाच कोनांचं राज्य. चारी बाजूंनी तट, कुठेही दार नाही. आत कसं जायचं ते दुसऱ्या भागात आहे. सांगत नाही, मजा जाईल."

शामराव नकाशावरून बोट फिरवत होते. कापड तपासताना फिरवायचे तसंच. सुईनदीवर बोट आलं आणि थांबलं. हा कागद त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता. पण बोटाला तो ओळखीचा वाटत होता.

२

कवडी गेम्सचं ऑफिस दादरला, साडीच्या दुकानाच्या वर, अरुंद जिन्याने. प्रफुल्ल पन्नाशीचा, शांत माणूस. टेबलावर रंगीबेरंगी फाशांनी भरलेली बरणी होती.

"मी राजेशचा काका," शामराव म्हणाले. सख्खा की चाळीतला, ते बोलले नाहीत. "भांडायला आलो नाही. मला ह्या धंद्यातलं कळत नाही, म्हणून विचारतो. असा करार प्रकाशक का मोडतो?"

प्रफुल्लने फासा बोटात फिरवला. "चार कारणं असतात काका. एक, खप नाही. दोन, जगाचा मालक डोक्यावर बसतो. चित्रातल्या म्हशीच्या शिंगालासुद्धा त्याची मंजुरी लागते, महिने जातात. तीन, प्रकाशकाला स्वतःचं जग काढायचं असतं, मग दुसऱ्याला वाटा कशाला द्या? चार, मुदत संपते आणि पुन्हा कुणाला उत्साह नसतो."

"आणि पाचवं?"

फासा थांबला. "पाचवं नसतं."

"राजेशच्या बाबतीत कुठलं?"

"त्याने काही वाईट केलंय असं आम्ही कुठेही म्हटलेलं नाही," प्रफुल्ल म्हणाला. विचारलं होतं एक, उत्तर आलं भलतंच. शामरावांनी ते मनात घडी घालून ठेवलं.

बाजूच्या खोलीत नम्रता बसली होती. खेळाची संपादक तीच आणि रविवारच्या बैठकांना गोष्ट सांगणारीही तीच. तिच्या टेबलावर एक कोरा करकरीत खोका होता, 'मीठबंदर' नावाचा. खाली तिचंच नाव.

"म्हणजे तुमचं स्वतःचं जग येतंय," शामराव म्हणाले. "राजेशचं गेलं, तुमची वाट मोकळी झाली."

नम्रता एकदम तडकली. "मोकळी? हा नुसता नमुना आहे काका! 'अठरा मुलुख' चाललं असतं तर त्याच्या जिवावर हे निघालं असतं. आता दोन वर्षं विसरा. वर माझं सहा महिन्यांचं काम भिंतीवर लटकतंय ते वेगळंच."

भिंतीवर खरंच तक्ता होता. दुसऱ्या भागाची एकशे चाळीस पानं, एकेक चौकोन, झालेल्या पानावर हिरवी खूण. खुणांपुढे तारखा. रोज एखादं पान पुढे सरकत होतं. शनिवारपर्यंत. सोमवारपासून एकही खूण नव्हती.

"राजेश मंजुऱ्या द्यायला उशीर लावायचा का?"

"छे. रात्री पाठवलं की सकाळी 'ओके'. असा मालक मिळत नाही."

"रविवारी काय झालं?"

नम्रताने दाराकडे पाहिलं. "रविवारी बैठक होती. नेहमीसारखी. काका, प्लीज. आम्हाला कुणाचं नाव खराब करायचं नाही."

फोन वाजला म्हणून ती उठून गेली. टेबलावर बैठकीची वही होती. आलेल्यांनी नाव आणि राहण्याचं ठिकाण लिहायचं. रविवारी सहा नावं होती. एका नावाभोवती पेन्सिलने गोल केलेला होता. मनवा, घोडपदेव.

३

दादरहून काळाचौकीपर्यंत शामराव चालत आले. विचार करायचा तर पाय हलते हवेत, ही गिरणीची सवय.

खप नाही? राजेश म्हणाला होता, दुसरी छपाई झाली, आणि कवडीच्या जिन्यातल्या पाटीवर 'अठरा मुलुख, मागणी नोंदवा' असं अजून लिहिलेलं होतं. मालकाची लुडबुड? मालक रातोरात होकार देत होता. नम्रताचं जग? राजेशचं बंद पडून तिचंही अडकलं. मुदत? राजेशच्या करारात ती संपायला दोन वर्षं बाकी होती. प्रफुल्लने मोजलेली चारही कारणं धुतल्यावर रंग जावा तशी गेली.

राहिलं पत्राच्या शेवटी लिहिलेलं. शिल्लक प्रती विकायला सहा महिने मिळतात, ते आम्ही घेत नाही. दारात गिऱ्हाईक उभं आहे, दुकानात माल आहे, विकायची परवानगीसुद्धा आहे. तरी दुकानदार माल जाळायला निघालाय. असा दुकानदार शामरावांनी जन्मात पाहिला नव्हता. नाही, एकदा पाहिला होता. लालबागच्या एका कापडवाल्याने आलेला गठ्ठा न विकता परत पाठवला होता. कारण त्याला कळलं होतं, गठ्ठा चोरीचा आहे.

पाचवं कारण ते होतं. पण राजेश चोर? लहानपणापासून पाहिलेला पोरगा. कैरी पाडली तर झाडाच्या मालकाला अर्धी नेऊन देणारा.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते विचारत विचारत घोडपदेवला गेले. मनवाचं घर दोन जिने चढून. ती दवाखान्यात नर्स, नुकतीच ड्यूटीवरून आलेली. बाबासाहेबांच्या तसबिरीखाली खुर्ची ओढून तिने त्यांना बसवलं आणि काय काम ते ऐकल्यावर कपाळावर हात मारला.

"बघा! मला वाटलंच, मी काहीतरी घोळ घातला म्हणून. अहो, मी पहिल्यांदाच गेले होते त्या खेळाला. मैत्रीण घेऊन गेली. ती नम्रता गोष्ट सांगत होती, आम्ही फिरत फिरत एका किल्ल्याशी आलो. पाच कोनांचा. सगळे तटाभोवती दार शोधतायत. फासे टाकतायत, सुरुंग काय लावतायत! मी म्हटलं, अरे येड्यांनो, वरून उतरा. दार वरती आहे."

"मग?"

"मग ती नम्रता पांढरीफटक. म्हणते, तुम्हाला कसं माहीत? हे अजून छापलेलंच नाही. मी म्हटलं, मला तर पुढचंही माहीत आहे. आत जे ठेवाल ते म्हाताऱ्या राणीचं होतं. परत मागायचं नाही."

शामराव खुर्चीत पुढे सरकले.

"त्यांना वाटलं, राजेशचं लिखाण बाहेर फुटलं. कंपनीचे मालकही येऊन विचारायला लागले. मी खरं ते सांगितलं. ही गोष्ट मी पाच-सहा वर्षांची असताना ऐकली. आई कामावर जायची, मला चाळीतल्या एका मावशीकडे ठेवायची. आम्ही पाच-सात पोरं होतो. दुपारी गोधडी पसरली तरी झोपत नव्हतो, म्हणून ती गोष्ट सांगायची. रोज पुढे. मग आम्ही इकडे राहायला आलो, सुटलं ते."

"कुठली चाळ?"

"काळाचौकीची. नंबर आठवत नाही, दुसरा माळा होता. तिचा नवरा गिरणीत होता, तो यायच्या आत आम्हाला पिटाळायची. 'चला रे, गिरणीचो भोंगो झालो.' नाव मात्र पक्कं लक्षात आहे. कमळामावशी."

मनवाने चहाचा कप पुढे केला. शामरावांनी तो घेतला आणि न पिताच खाली ठेवला.

"काका? बरं वाटत नाहीये का?"

"तो नवरा मी," शामराव म्हणाले.

४

कमलाबाईची पेटी चौदा महिन्यांत कुणी उघडली नव्हती. शामरावांनी ती पलंगाखालून ओढली. वर तिची लुगडी होती. ती त्यांनी न बघता बाजूला ठेवली. तळाशी गोधडी होती.

पोरं यायची हे त्यांना माहीत होतं. बाया कामावर जायच्या, कमलाबाई पोरं सांभाळायची. पण त्यांची पहिली पाळी. सकाळी सातच्या आत बाहेर, घरी यायला चार. ते येईपर्यंत घर झाडलेलं, गोधडी घडी करून ठेवलेली, चहा उकळत. दुपारी एक ते चार या घरात काय घडायचं, ते त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. सत्तावीस वर्षं मैलोगणती कापड पाहिलं. घरचं एक कापड राहून गेलं.

त्यांनी गोधडी जमिनीवर पसरली आणि शेजारी राजेश ठेवून गेलेला नकाशा.

ठिगळं मोजली. अठरा. भोवती हिरव्या लुगड्याचे काठ, चारी बाजूंनी सारख्याच रुंदीचे. तोच समुद्र. धावदोरा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलेला, थोडा कापडावरून, थोडा कापडाखालून. ती सुईनदी. कमलाबाई त्यांचा एकही फाटका शर्ट टाकायची नाही, हे त्यांना आठवलं. उजव्या कोपऱ्यात त्यांच्या खाकी शर्टाचा तुकडा होता. त्यावर खिसा तसाच ठेवलेला. वर सरळ, खाली टोक. पाच कोन. चारी बाजूंनी शिवलेला, आत जायची वाट फक्त वरून.

आता ती वाटही बंद होती. खिशाच्या तोंडावर टाके घातलेले होते. बारीक, एकसारखे. ते टाके त्यांनी कुठेही ओळखले असते.

त्यांनी खिशावरून बोट फिरवलं. आत काहीतरी होतं. टणक, गोल, रुपयाएवढं.

मग कात्री न घेता त्यांनी गोधडीची घडी घातली आणि राजेशला फोन लावला.

"उद्या अकरा वाजता दादरला ये. आणि एक सांग. ते राज्य पाच कोनांचंच का केलंस? चार नाही, सहा नाही?"

"माहीत नाही काका. पाचच होते."

५

प्रफुल्लच्या ऑफिसातलं मोठं टेबल मोकळं केलं. एका बाजूला प्रफुल्ल आणि नम्रता, दुसऱ्या बाजूला राजेश. मनवा अर्धी सुट्टी टाकून आली होती. शामरावांनी पिशवीतून गोधडी काढून पसरली.

पहिल्यांदा नम्रताच्या तोंडून "अय्या" निघालं. राजेश खुर्चीवरून उठला, परत बसला.

"प्रफुल्लभाऊ, तुमचं पाचवं कारण हे," शामराव म्हणाले. "राजेशने करारात लिहून दिलं होतं, हे जग संपूर्ण माझं आहे. रविवारी तुम्हाला कळलं, ते कुण्या मावशीचं आहे. चोरीचा माल वाटला, म्हणून एकही खोका विकायला तुमचं मन होईना. बरोबर?"

"बरोबर," प्रफुल्ल म्हणाला. "पण पुरावा काय, तर एक आठवण. ती मावशी कोण, आहे की नाही, ठाऊक नाही. तोंडावर चोर कसं म्हणणार? म्हणून गप्प राहून करार संपवला. शोधायला हवं होतं काका. सोपं होतं ते केलं."

"काका, आईशप्पथ," राजेशचा आवाज फुटला, "मी कुणाचं चोरलं नाही. हे माझ्या डोक्यातच होतं. नेहमीचंच. मला वाटायचं, मीच..."

"गप रे. ऐक. तू चार ते सहा वर्षांचा होतास, तेव्हा माझ्या घरी असायचास. तुझ्या आईला काल विचारलं. मग तुला कणकवलीला नेलं, पाचवीत परत आणलं. त्याआधीचं तू विसरलास." शामराव प्रफुल्लकडे वळले. "आता हा चोर नाही, ते कसं, सांगतो. चोराला माहीत असतं आपण काय चोरलं. हा खिसा आहे हे ज्याला ठाऊक असतं, त्याने आधी त्याचा आकार बदलला असता. गोल किल्ला केला असता, रंग बदलला असता. ह्याने कोन तेवढेच ठेवले, रंग खाकीच ठेवला, काठ तेवढाच रुंद ठेवला. का, ते त्यालाच माहीत नाही. पोटावर पडून, नाक टेकवून पोरगं जेवढं बघतं, तेवढं ह्याने लिहिलंय. ह्याला तो खिसा कधी दिसलाच नाही. किल्लाच दिसला."

राजेशने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"पण गोष्ट त्याच्या आधीची, हे कशावरून?" प्रफुल्लने हळूच विचारलं. "उद्या कुणी म्हणेल, नकाशा बघून गोधडी शिवली."

"म्हणून ती उसवली नाही. तुमच्यासमोर उसवतो."

नम्रताने ब्लेड दिलं. शामरावांनी पहिला टाका धरला आणि थांबले. तिच्या हातचं असं फार काही उरलं नव्हतं. मग त्यांनी एकेक टाका कापला, दोरा न खेचता, आणि खिशात दोन बोटं घातली.

आधी चिंचोके निघाले. मग एक निळी काचेची गोटी.

"माझी!" मनवा ओरडली. "मेली राणीने परत दिलीच नाही!"

मग तो टणक, गोल तुकडा निघाला. पितळी, काळा पडलेला. शामरावांनी अंगठ्याने घासला. चारशे बारा.

"एकोणनव्वदला हरवला," ते म्हणाले. "गिरणीत नोंद झाली होती, नवीन बिल्ला दिल्याची. पावती घरी आहे. ह्या खिशात तो तेव्हाच गेला. ती मला सांगायची, राणीने नेला. मला वाटायचं, चेष्टा करते."

"मी टाकला होता," राजेश अगदी हळू म्हणाला. तो बिल्ल्याकडे बघत होता. "काका... त्या दिवशी तुम्ही तो खुंटीवरच विसरून गेला होतात. मी टाकला होता. मावशी म्हणाली, राणीला सगळ्यात मोलाचं द्यायचं असतं. मला वाटलं, सगळ्यात चमकतो तो हाच."

"पस्तीस वर्षं रे मेल्या," शामराव म्हणाले. "गेटवर काय बोलणी खाल्ली मी!"

मनवा फसकन हसली. मग सगळेच हसले. राजेश हसता हसता डोळे पुसत होता.

प्रफुल्लने खुर्ची पुढे ओढली. "काका, कमलाबाईंच्या मागे हक्क तुमचा. तुम्ही आणि राजेश दोघांनी सही केली, तर हे पत्र मी आत्ता फाडतो. खोके जाणार नाहीत, दुसरा भाग निघेल. तुमच्या अटी सांगा."

"खोक्यावर तिचं नाव आधी. कमलाबाईंनी सांगितलं, राजेशने लिहिलं. आणि ह्या मनवासारखी आणखी पोरं होती. त्यांना शोधायचं. ज्याने जे राज्य आठवून सांगितलं, त्या राज्याखाली त्याचं नाव."

"दार नसलेलं राज्य माझं आहे," मनवा लगेच म्हणाली.

"लिहा. आणि दुसरी अट." शामरावांनी चष्मा काढून पुसला, परत लावला. "सही मी करीन. पण आधी मला ती गोष्ट ऐकायची आहे. पहिल्यापासून. सगळ्या चाळीच्या पोरांना माहीत, फक्त मला नाही."

नम्रताने राजेशकडे पाहिलं. राजेशने मान हलवली आणि फाशांची बरणी शामरावांच्या पुढ्यात सरकवली. नकाशा कुणी काढला नाही. गोधडीच पसरलेली होती, तिच्याभोवती सगळे खुर्च्या ओढून बसले.

"दुपारची वेळ आहे," राजेशने सुरुवात केली. "हिरव्या समुद्राच्या काठाला, सुईनदी जिथे पहिल्यांदा वर येते, तिथे वेशीवर तुम्ही उभे आहात. पहारेकरी विचारतो, तुम्ही कोण?"

मनवा म्हणाली, वैदू. प्रफुल्ल म्हणाला, मिठाचा व्यापारी. मग सगळे शामरावांकडे बघू लागले.

शामरावांनी बिल्ला वेशीवर ठेवला.

"गिरणीतून सुटलेला माणूस," ते म्हणाले. "घरी चाललोय. राणीला सांगा, उशीर झाला."